सुळ्याशेजारची जागा

दवाखान्यात खुर्च्या दोन आणि डॉक्टरही दोन. खिडकीजवळची जुनी खुर्ची मोठ्या डॉक्टरांची. तिला वर उचलायचं तर पायानं पंप मारावा लागे, पण इतक्या वर्षांत तिनं एकदाही दगा दिला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आतल्या भिंतीकडची नवी खुर्ची धाकट्या डॉक्टरांची, म्हणजे त्यांच्या सुनेची. ती बटणावर चाले आणि मनात आलं की रुसून बसे. दात काढायचा असेल तर लोक खिडकीकडे जात, वाचवायचा असेल तर भिंतीकडे. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. सून लग्न होऊन आली, येताना हिरड्यांच्या शस्त्रक्रियेची पदवी घेऊन आली, आणि वाटणी आपोआप पडत गेली.

मोठ्या डॉक्टरांचा दात काढण्यात हातखंडा होता. भुलीचं इंजेक्शन दिलं की ते विचारायचे, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" आणि माणूस मनातल्या मनात मोजत मेव्हण्यापर्यंत येतो न येतो तोच दात ट्रेमध्ये पडून वाजायचा. हलणाऱ्या दातांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. दाताभोवतीचं हाड गेलं की गेलं, ते काही नखासारखं परत वाढत नाही, तेव्हा उगाच जीव अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. हे ते इतक्या मायेनं सांगत की लोक दात गमावूनही खूश होऊन जात.

सुनेचा धंदा नेमका याच्या उलट. हिरडी उघडायची, आतली घाण खरवडून काढायची आणि गेलेलं हाड परत आणायचं. पेशंटना समजावताना ती बसचं उदाहरण द्यायची. हाड झिजलं की दाताशेजारी पोकळी पडते. ती साफ करून तशीच सोडली तर हिरडी धावत जाऊन तिथं बसते, कारण हिरडी चपळ आणि हाड महासुस्त. हाड येईपर्यंत जागाच उरत नाही. म्हणून पोकळीत हाडाची भुकटी भरायची, म्हणजे तिच्या आधारानं नवं हाड वाढतं, आणि वरून एक पातळ पडदा घालायचा. मागून सावकाश येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी आपण सीटवर रुमाल टाकून ठेवतो, तसा. काम झालं की हा रुमाल आपला आपण विरघळतो.

"आणि कंडक्टरनं रुमाल उचलला तर?" खिडकीकडून प्रश्न यायचा. पेशंट हसायचे. सूनही हसायची, पण तिला ते लागायचं. या सगळ्याला मोठे डॉक्टर 'पुडीचा उद्योग' म्हणत. भुकटी छोट्या बाटलीत येई, पुडीत नव्हे, हे तिनं अनेकदा सांगून पाहिलं होतं.

आणि मग एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी भाजलेल्या पावाचा घास तोडला, क्षणभर थांबले आणि घास गुपचूप उजव्या बाजूला सरकवला.

सुनेनं ते पाहिलं. घरात सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची तिला सवयच होती, किंवा तसं तिला त्या वेळी वाटत होतं. तिनं त्यांना खाली दवाखान्यात नेऊन आपल्या खुर्चीत बसवलं. वरचा डावा सुळा हलत होता. एक्स-रेमध्ये मुळाच्या एका बाजूचं हाड अर्ध्याहून जास्त झिजलं होतं. तिनं प्रोब घातला. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळी, हिरडी आणि दात यांच्यामधून आत सरकवून पोकळीची खोली मोजायची. तो नऊपर्यंत बिनबोभाट आत गेला.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि निकाल दिला की काढून टाक. सून म्हणाली, वाचेल. पोकळीच्या तिन्ही बाजूंच्या हाडाच्या भिंती शाबूत आहेत, अशा पोकळीत हाड चांगलं येतं. ते म्हणाले, येत नाही. ती म्हणाली, येतं. मदतनीस बाई हातातला कापूस खाली ठेवून ऐकत राहिल्या, कारण असा सामना रोज रोज बघायला मिळत नाही.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी खणातून आपली जुनी पक्कड काढली. तिची मूठ घासून घासून गुळगुळीत झाली होती. ती त्यांनी सुनेच्या ट्रेमध्ये ठेवली.

"कर तुझा प्रयोग. सहा महिन्यांत हाड आलं नाही तर हिनंच तो दात काढायचा, तुझ्या हातानं. आणि मग या दवाखान्यात पुडीचा उद्योग बंद."

"आणि आलं तर?"

"आलं तर बघू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण सून त्या वेळी इतकी इरेला पेटली होती की तिच्या ते ध्यानात आलं नाही. दवाखाना त्यांचा, बाहेरची पाटी त्यांची. पुडीचा उद्योग बंद म्हणजे तिनं आयुष्यभर दात घासायला शिकवत बसायचं. तिनं पक्कड उचलून आपल्या कपाटात ठेवली.

सासऱ्यांच्या तोंडात हात घालणं ही काही साधी गोष्ट नव्हे. पण त्यात एक सुखही होतं. "तोंड उघडं ठेवा, बोलू नका," हे वाक्य ती लग्नापासून मनात घोळवत होती. बोलता येईना म्हणून मोठे डॉक्टर डोळ्यांनी सूचना द्यायला लागले, तेव्हा तिनं त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. भुकटी जनावराच्या हाडाची आहे, भट्टीत भाजून निर्जीव केलेली, चालेल ना, हे तिनं आधीच विचारून घेतलं होतं. या वयात शिंगं फुटली तर तू जबाबदार, असं ते म्हणाले होते.

हिरडी बाजूला केल्यावर पोकळी दिसली. तिनं ती कोपऱ्याकोपऱ्यानं साफ केली, मुळाचा पृष्ठभाग घासून लख्ख केला. भुकटीत त्यांचंच थोडं रक्त मिसळलं तशी ती ओल्या रेतीसारखी एकजीव झाली. ती थोडी थोडी करून भरली, दाबून नाही, कारण दाबून भरली तर नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला फटी उरत नाहीत. पडदा कात्रीनं मापात कापून वर बसवला, हिरडी ओढून टाके घातले. सगळं मनासारखं झालं.

मग तिनं त्यांना सूचना सांगितल्या, प्रत्येक पेशंटला सांगते तशाच. तिथं ब्रश नको, मऊ खायचं, ओठ वर करून आरशात बघायचं नाही, जिभेनं चाचपायचं नाही. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. सहा महिने त्या जागी प्रोब घालायचा नाही, हे ती कुठल्याच पेशंटला सांगत नसे, कारण पेशंटच्या घरी प्रोब नसतो. आणि दंतवैद्याला ते काय सांगायचं?

टाके निघाले, सूज उतरली. सासूबाईंनी घरात मऊ खाण्याचं राज्य सुरू केलं. त्या स्वतः कैक दिवसांपासून सफरचंद सोलून, किसून खायच्या, किसलेलं गोड लागतं म्हणायच्या. आता नवऱ्याच्या निमित्तानं सगळ्यांनाच किसलेलं मिळू लागलं. सुनेचा नवरा कामानिमित्त सदा फिरतीवर असे. तो घरी आला की वाटीतला तो लगदा बघून विचारायचा, दात बाबांचा हलतोय की सगळ्यांचा? सासूबाई हसायच्या, नेहमीसारख्या, तोंडावर हात धरून.

तिसऱ्या महिन्यात सुनेनं हिरडी तपासली. गुलाबी, घट्ट, बघत राहावी अशी. फक्त सुळ्याच्या कडेला एक लाल ठिपका होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं तर ठिपका तिथंच, ताजा. कशानं टोचलं, असं तिनं विचारलं. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, सफरचंदाचं साल असेल.

सून मान डोलावून हात धुवायला गेली. नळाखाली हात धरले आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या घरात गेले तीन महिने कुणाच्याच तोंडात सफरचंदाचं साल गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला वर गेली, दोन घास खाल्ले आणि चष्मा विसरला म्हणून खाली आली. दवाखाना बंद होता, पडदे ओढलेले. खिडकीकडच्या खुर्चीवर मोठे डॉक्टर स्वतःच बसले होते. दिवा तोंडावर ओढलेला, डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हातात प्रोब. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात घातलेला तो स्थिर हात आता स्वतःच्या सुळ्यापाशी होता. त्यांनी तिला पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यावर लहान मूल जसं करतं तसं केलं, म्हणजे काहीच केलं नाही, तसेच बसून राहिले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्यांच्या हातातून प्रोब काढून घेतला. हे कधीपासून चाललंय, तिनं विचारलं. पहिल्या महिन्यापासून, ते म्हणाले. दर आठवड्याला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक नाही? तिथं आत सगळं कच्चं असतं. नवं काही जमत असेल ते तुम्ही दर आठवड्याला उसवताय. एखाद्या अडाणी माणसानं केलं असतं तर मी समजले असते."

"ठाऊक आहे."

"मग पैज जिंकायची होती?"

मोठ्या डॉक्टरांनी दिवा बंद केला. मग म्हणाले, "पहिल्यांदा घातला तेव्हा तो पूर्वीसारखाच खाली गेला. मला बरं वाटलं, पोरी."

सासऱ्यांनी आपल्याला हरवायला इतक्या थराला जावं, याचं तिला रडू यायला लागलं. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघत होते.

"तुझ्या सासूचे वरचे सगळे दात मी काढले. याच खुर्चीत," ते म्हणाले. "चाळिशीसुद्धा आली नव्हती तिची. हलायला लागले होते, हाड झिजलं होतं. मी म्हटलं, दुसरा इलाज नाही. एकेक करून काढले. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसते, बघितलं असशील. मी मनाशी म्हणत आलो की इलाजच नव्हता. आता तू म्हणतेस हाड येतं. ते आलं तर मग मी काय केलं?"

तेव्हा हे तंत्र इथवर आलंच नव्हतं, असं सून म्हणाली. ते म्हणाले, पुस्तकात आलं होतं. मी वाचलं होतं आणि हसलो होतो.

"आणि आता?" तिनं हातातल्या प्रोबकडे बघत विचारलं. "आता किती खाली जातो?"

"आता जात नाही. मध्येच अडतो."

"अडला की काय करता?"

मोठ्या डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाले, "दाबतो."

त्या दिवसापासून सगळे प्रोब कुलपात गेले आणि किल्ली सुनेच्या गळ्यात. दोघांतलं बोलणं कामापुरतं उरलं. मोठे डॉक्टर आपल्या आपण खाली यायचे बंद झाले. लोक दात काढायला आले की मदतनीस बाई जिन्याखालून हाक मारत, ते येत, काढत आणि घरी कोण कोण असतं हे न विचारताच वर जात. सुनेला राग होता तो होताच, पण त्याहून जास्त धास्ती होती. जे जमत आलं होतं ते दाबून दाबून विस्कटलं असलं तर? तिला पक्कड हातात घ्यावी लागेल. तिनं शब्द दिला होता, आणि त्यांच्यासारखा माणूस तो शब्द पाळायला लावल्याशिवाय राहिला नसता. कधी कधी कपाट उघडलं की ती गुळगुळीत मूठ दिसे आणि ती कपाट लावून टाके.

सासूबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या काही डोळे मिटून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एके दिवशी स्वयंपाकघरात किसणीवर सफरचंद ओढता ओढता त्यांनी विचारलं, खाली काय बिनसलंय? सुनेनं अर्धंच सांगितलं. बाबा जखम टोचून बघत होते, एवढंच. दुसरं अर्धं सांगायचा आपल्याला अधिकार नाही, असं तिला वाटलं.

सासूबाईंनी किसणी थांबवली नाही. "त्यांचे हात शिवशिवतात. पूर्वीपासून. माझे दात हलायला लागले तेव्हा रोज सकाळी उठलं की आधी माझा दात हलवून बघायचे. काल इतका हलत होता, आज किती. काळजीच होती ती, मी नाही म्हणत नाही. पण मला कधी वाटतं, एखादा न हलवता राहू दिला असता, तर राहिलाही असता."

सून म्हणाली, आई, तुम्हाला राग नाही आला कधी? सासूबाईंनी थोडा विचार केला. शेवटचा दात काढल्यावर ते मोरीत जाऊन रडले होते, त्या म्हणाल्या, नळ सोडून. आता एवढं रडणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही मला. मग त्यांनी वाटी सुनेपुढे सरकवली आणि विषय मिटवला. सुनेनं दोन चमचे खाल्ले. गोड होतं खरं, पण दातांना काम नव्हतं. तिच्या मनात काहीतरी चुकचुकलं आणि फोन वाजला म्हणून तसंच राहून गेलं.

सहा महिने भरले त्या दिवशी मोठे डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. भिंतीकडच्या खुर्चीत आपण होऊन बसले. आणि जिन्यावर आणखी पावलं वाजली. सासूबाई उतरत होत्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. चहाचा ट्रे द्यायला त्या शेवटच्या पायरीपर्यंत नेहमी येत, पण दवाखान्याच्या फरशीवर त्यांनी पाय ठेवलेला सुनेनं लग्नापासून पाहिला नव्हता. मदतनीस बाईंनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. मलाही बघायचंय, एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

सुनेनं एक्स-रे काढला. जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुन्या फिल्ममध्ये सुळ्याशेजारी काळी विहीर होती. नव्या फिल्ममध्ये ती तळापासून बरीच वर भरून आली होती. कडेला एक छोटी खाच उरली होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, पांढरं दिसतंय ती तुझी पुडीच. एक्स-रेमध्ये भुकटीही पांढरीच दिसते.

ते खरं होतं, आणि सुनेनं कबूल केलं. म्हणून तिनं गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि प्रोब घेतला. तिनं सळी सुळ्याच्या कडेनं अलगद सोडली, आपल्या वजनानं जाईल तेवढीच. सळी चारवर थांबली. तिनं दुसऱ्या अंगानं घातली, तीही चारवर. जिथं नऊ होते तिथं चार. तिनं आरसा मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला, त्यांना खूण वाचू दिली. मग म्हणाली, हलवून बघा.

त्यांनी अंगठा आणि बोटात सुळा धरला. हलवला. पुन्हा हलवला. तो आपल्या जागी बसून राहिला.

"हाड आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. हे दोन शब्द म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

सुनेनं सांगितलं की कडेची खाच त्यांच्या टोचण्यानं राहिली की मुळातच भरली नसती, हे तिला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. ते ऐकत नव्हते. मदतनीस बाई कौतुकानं काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि ट्रे आवरायला लागल्या. पैज जिंकल्याचा आनंद कुठं ठेवावा ते सुनेलाही कळेना.

मोठे डॉक्टर खुर्चीतून उतरले आणि बायकोसमोर उभे राहिले. "म्हणजे तुझेही राहिले असते," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांची समजूत घातली नाही. तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा, झालं ते झालं, असलं काहीच त्या बोलल्या नाहीत. "राहिले असते की नसते, ते आता कोण सांगणार," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याला हातानं बाजूला केलं आणि नव्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाय वर घेतले. हात तोंडाशी नेला, आणि सून बघत असताना, मदतनीस बाई बघत असताना, वरची कवळी काढून नवऱ्याच्या हातात ठेवली. ज्या माणसानं ती बनवली त्यानंही, ती बसवल्यापासून, त्यांना तिच्याविना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा ओठ आत बसला आणि त्या एकदम म्हाताऱ्या आणि एकदम लहान दिसायला लागल्या.

"ही डावीकडे टोचते," त्या म्हणाल्या. शब्द हवेत निसटत होते, पण कळत होते. "पहिल्या दिवसापासून."

"तू तर म्हणाली होतीस छान बसलीये."

"तुमचे हात थरथरत होते तेव्हा."

मोठे डॉक्टर कवळीकडे बघत राहिले. सासूबाईंनी मान मागे टेकली आणि सुनेकडे वळून बोट खाली दाखवलं. खालचे पुढचे सहा राहिलेत, त्या म्हणाल्या. हलतात. बरीच वर्षं झाली.

सुनेला सफरचंद आठवलं, सोललेलं, किसलेलं, रोज दुपारी. आपल्यासमोर ठेवलेली वाटी आठवली. घरात हिरड्यांची डॉक्टर, आणि तिनं सासऱ्यांचा एक घास हेरला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की हातमोजे चढवताना बोटं चुकली.

"मला का नाही सांगितलंस?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही काढले असते."

त्यात राग नव्हता, उणंदुणं नव्हतं. आज पाणी येणार नाही असं सांगावं तशा त्या बोलल्या.

सुनेनं स्टूल पुढे ओढलं, दिवा खाली घेतला आणि सासूबाईंना म्हणाली की आधी फक्त बघते, मोजते, मग काय वाचतंय ते सांगते. सगळे वाचतील असा शब्द देत नाही. सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी डोळे नवऱ्याकडे वळवले. ते नकळत पुढे सरकले होते, आयुष्यभराच्या सवयीनं, आणि त्यांचा उजवा हात अंगठा आणि बोट जुळवून अर्ध्यावर आला होता.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "हात मागे घ्या."

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. शाळेत उभं केल्यासारखे ते बायकोच्या उशाशी उभे राहिले. सून एकेक दात मोजत गेली, आकडे सांगत गेली, मदतनीस बाई लिहीत गेल्या. पाच. सहा. इथं चार. सहाच्या आकड्याला मोठ्या डॉक्टरांचा श्वास अडकलेला ऐकू आला, पण हात पुढे आले नाहीत.

शेवटचा दात मोजून सून प्रोब ठेवायला वळली, तेव्हा तिला बेसिनवरच्या आरशात त्यांची पाठ दिसली. मागे धरलेल्या हातांत कवळी होती, आणि त्यांचा अंगठा तिच्या डाव्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता, टोचणारी जागा शोधत.